दम देऊन गेले

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

आशीर्वाद वरच्या कोऱ्या जागेत लिहिलेत असं समज, मला घाई आहे. चार वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून पाकीट हातात धरून घाबरून बसू नकोस. वाईट बातमी नाही. उलट इतकी चांगली आहे की दुपारपासून ती कुणाला सांगू असं झालंय. तुझ्या आईला सांगितली, ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा शिवणयंत्रावर वाकली. धाकटी कामावर आहे. मग उरलीस तू.

तर आज मी अकरा पायऱ्या चढलो. सलग, मध्ये न थांबता.

आता तू म्हणशील, अकरा पायऱ्यांचं कसलं कौतुक, माझं मूल चढतं. बरोबर आहे. तुला मुळातलं काही ठाऊकच नाही. माझी फुप्फुसं गेली आहेत. गेलीत म्हणजे जागेवर आहेत, पण निम्म्याहून जास्त दगड झाली आहेत. एकतीस वर्षं दगड कापला, घासला, त्यावर लोकांची नावं कोरली, आणि त्याची पांढरी भुकटी आत जाऊन बसली ती बसलीच. डॉक्टरने पाठीवर बोट ठेवून वरून टकटक वाजवून पाहिलं. लादी घेताना तडा आहे का ते मी बघतो ना, अगदी तसंच. मी विचारलं, "काय, बद्द वाजते ना?" तो हसला नाही. म्हणाला, गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं कसं वापरायचं ते शिकता येतं.

तुझ्या आईला आणि धाकटीला मी शपथ घातली होती, ताईला यातलं अक्षर कळता कामा नये म्हणून. त्यांच्यावर चिडू नकोस. माझ्यावर चिड, मी त्यासाठी हक्काचा माणूस आहे.

फोन का केला नाही असं मनात आलं असेल. फोनवर माझं एक वाक्य तीन तुकड्यांत येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा रडतोय. कागदावर मात्र वाटेल तेवढं एका दमात बोलता येतं, हे बघ, हे वाक्य मी कितीही लांबवलं, त्यात तुझी आई, धाकटी, शेजारी, हॉस्पिटल, सगळ्यांना कोंबलं, तरी मला काही म्हणता काही होत नाही. म्हणून मी आता पत्रंच लिहीत सुटणार आहे. पोस्टमनला माझी कीव येईल.

हॉस्पिटलात तळमजल्यावर एक लांबट खोली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे आम्हा आठ जणांचा वर्ग भरतो. शिकवणारी तुझ्याहून लहान आहे. तिचं खरं पद मला उच्चारता येत नाही, आम्ही तिला व्यायामवाली म्हणतो. ती आम्हाला श्वास सोडायला शिकवते. अठ्ठावन्नाव्या वर्षी. ओठांचा चंबू करायचा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा सावकाश सोडायचा. मला वाटत होतं अडचण श्वास घेण्याची आहे. ती म्हणाली नाही, तुम्ही जुना सोडतच नाही, मग नव्याला जागा कुठून होणार.

आज पहिल्याच दिवशी तिने वही उघडली आणि एकेकाला विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय?" माझ्या शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर आहे. तो म्हणाला, "इथून सुटलो की घरी." ती म्हणाली, तसं नाही, दम लागतो म्हणून जिथे जाणं सोडलंत अशी एक जागा सांगा, आठ आठवड्यांत तिथे पोचायचं. कंडक्टरने टोपी काढली. "मग न्हाव्याकडे. कोपऱ्यावरच आहे. सध्या बायको कापते, बघा काय करून ठेवलंय." सगळे हसले आणि मग सगळे पाच मिनिटं खोकले. आमच्या वर्गात विनोद जपून करावा लागतो.

माझी पाळी आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिसरा मजला."

"कुणाचा?"

"मुलीचा."

तिने ते वहीत लिहिलं, शाईने. तेव्हा आता माघार नाही.

तुझा बाप


१४ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

उत्तर आलं नाही, म्हणून मी काही म्हणत नाही. आमची पत्रपेटी खाली फाटकाशी आहे आणि मी ती दिवसातून तीनदा उघडून बघतो. व्यायामवाली म्हणतच होती, चालणं वाढवा. आपोआप वाढलं.

अठरा झाल्या. हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यावर, बोटाला तो प्राणवायूचा आकडा दाखवणारा चिमटा लावून. पंधराव्या पायरीला आकडा घसरला तशी व्यायामवालीने हात वर केला. "थांबा, दम खा." मी दम खाल्ला आणि पुढच्या तीन चढलो. मी म्हटलं, मध्ये थांबलो म्हणजे या धरायच्या नाहीत ना? ती म्हणाली, "धरायच्या. थांबलेलं चालतं. परत फिरलेलं चालत नाही." ती आपलं सहज बोलून पुढच्या माणसाकडे गेली, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

तुझा जिना मोजून आण म्हणून धाकटीला पाठवलं होतं. तुझ्या दारापर्यंत गेली आणि बेल न वाजवता खाली आली म्हणे, खरं-खोटं तुम्हा बहिणींनाच माहीत. अकरा पायऱ्या, वळण, दहा पायऱ्या, मजला. असं तीनदा. एकूण त्रेसष्ट. मी इकडे हॉस्पिटलच्या जिन्याला खडूने तुझे मजले आखून घेतलेत. वळण कुठे, मजला कुठे, सगळं. झाडूवाली दर वेळी पुसते, मी दर वेळी आखतो, आता ती म्हणते, "मिस्त्री, मीच आखून ठेवत जाईन."

तुला गंमत सांगतो. दम लागणाऱ्या माणसाला रस्ता वेगळाच दिसतो. मला आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या काचा पाठ झाल्या आहेत. छातीने दगा दिला की जे दुकान समोर असेल त्याच्या काचेपुढे उभं राहायचं आणि माल बघतोय असं दाखवायचं. कुलपं, चष्मे, पंखे, सगळ्यांच्या किमती मला विचार. एकदा मात्र नेमका बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानापुढे अडकलो. हलताच येईना. पाच मिनिटांनी आतली मुलगी बाहेर आली. "काका, साइज काय?" बोलायला श्वास नव्हता, मी नुसती बोटं हलवली. तिने त्यावरून काय साइज धरला कोण जाणे, पण तुझ्या आईपर्यंत ती बातमी माझ्याआधी पोचली होती.

एवढी नाटकं कशाला, तर लोकांना कळलं की काय होतं ते मी पाहिलंय म्हणून. कारखान्यात आधी माझ्या हातातून छिन्नी काढून घेतली आणि झाडू दिला. झाडूने जास्त धूळ उडते हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मग फाटकाशी बसवलं. मग दोन वर्षांपूर्वी मालक खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आता आराम करा. शेजारच्या घरात माझा खोकला भिंतीतून जातो. तिथे मला चहा वेगळ्या कपात मिळायला लागला, त्याचा कान तुटलेला आहे म्हणून मी तो ओळखतो. माझ्या रोगाची लागण होत नाही, हे मी त्यांना सांगायचं म्हटलं तर त्यालाही दम पाहिजे.

धाकटीला बघायला एक मंडळी आली होती. चांगली माणसं होती. मला आतल्या खोलीत बसवलं होतं आणि मी तोंडात टॉवेल कोंबून बसलो होतो. शेवटच्या पाच मिनिटांत सुटला खोकला. चार दिवसांनी निरोप आला, घरात आजारपण आहे असं कळतं. तिने दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं आणि आता औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते. "बाबा, माझी डिग्री तुमच्या औषधाच्या पंपात गेली," असं हसून सांगते. हसून सांगते म्हणून जास्त लागतं. तुझी आई लोकांच्या घरांचे पडदे शिवते आणि धूळ धरतात म्हणून आपल्या खिडक्यांना एक पडदा नाही.

बघ, आनंदाचं पत्र कुठे जाऊन बसलं. अठरा, ताई. दहा दिवसांत अकराच्या अठरा.

एक विचारायचं होतं. आपला तो लंगडा स्टूल आठवतो? तू लहानपणी नळापर्यंत पोचावीस म्हणून मी केलेला, एक पाय तोकडा झाला म्हणून खाली काळ्या दगडाची चकती बसवलेला? अंघोळीला बसायला मला तो हवा होता. तुझी आई म्हणते मोडला, टाकून दिला. मोडेल कसा, मी केलेला. सध्या उलट्या बादलीवर बसतो.

तुझा बाप


२६ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

कंडक्टर न्हाव्याकडे जाऊन आला. आठ आठवड्यांचं काम पठ्ठ्याने चौथ्यातच उरकलं. परवा वर्गात टोपी काढून गोल फिरून सगळ्यांना डोकं दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, आमच्या बेताने. मग मला म्हणाला, "मिस्त्री, तुमचा तिसरा मजला कुठवर आला?"

"सव्वीस."

"मग तोंड का पाडलंय?"

मी त्याला सांगितलं, या जिन्यावरून मी एकदा परत फिरलोय. तीस वर्षं त्याने उतारू पाहिलेत, त्याला नवल वाटलं नाही. एवढंच म्हणाला, "मधेच उतरलात ना? मग कुठल्या थांब्यावर उतरलात ते तरी सांगा तिला. ती शेवटच्या स्टॉपवर उभी असणार."

म्हणून सांगतो. हे पत्र बसून वाच.

तुमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी येणार नव्हतो असं सगळ्यांना वाटत होतं. तुला माहीत आहे का वाटत होतं. लग्न मला न विचारता केलंस, आणि केलंस कुणाशी, तर आमच्या कारखान्यात धूळ मोजायला आलेल्या माणसाशी. त्याने माझ्याच कॉलरला ती धूळ गोळा करायची डबी अडकवली होती. त्याच्या अहवालावर कारखाना अकरा दिवस बंद राहिला आणि सगळ्यांची रोजी बुडाली. नंतर ज्याला त्याला मी दिसलो की जावयाची आठवण यायची. तू मला तोंडाला लावायची पट्टी आणून दिलीस, ती मी सगळ्यांसमोर यंत्राच्या दांड्याला लावली आणि म्हटलं, याला सर्दी झालीय. सगळे खूप हसले. मीही हसलो, तेव्हा मला हसता यायचं.

पण मी आलो होतो, ताई. तुझी आई आणि धाकटी सकाळीच तुझ्याकडे आल्या होत्या. मी कारखान्यातून परस्पर निघालो. बगलेत गोणपाटात गुंडाळलेली दाराची पाटी होती. काळा दगड, सात किलो. सुटी झाल्यावर थांबून थांबून कोरली होती, तुझं नाव आणि त्याचं नाव. तुझं मोठं आणि त्याचं मुद्दाम जरा बारीक, तेवढं माझ्याने राहवलं नाही.

पहिला मजला गेला. पुढचं वळण गेलं. त्यानंतरच्या चौथ्या पायरीवर मी खाली बसलो. श्वास आत जात होता आणि बाहेर येत नव्हता. डोळ्यांपुढे काजवे, पाटी मांडीवर. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पिशवी घेऊन खाली येत होत्या. "कोण तुम्ही? कुणाकडे आलात?" मी वर बोट दाखवलं. मग एक बोट उभं धरलं, म्हणजे एक मिनिट. मला सांगायचं होतं, तिला सांगा, दम लागलाय, दम धर म्हणावं, येतोय. एवढं सगळं होतं. बाहेर आलं ते एवढंच, "तिला सांगा… दम…"

चेहरा लालबुंद, डोळे बाहेर आलेले, बोट ताणलेलं. त्या बाईंना दोष देता येणार नाही. त्या उलट्या पावली वर गेल्या.

वरून भांड्यांचा आवाज येत होता, हसणं येत होतं. आणि तुझा आवाज आला. "बाबा आले का गं?" तू धाकटीला विचारत होतीस. मी तो ऐकला. ऐकून उठलो आणि खाली उतरलो. कारण वर तो होता, धूळ मोजणारा, आणि पन्नास पाहुण्यांसमोर मी धापा टाकत आत गेलो असतो तर त्याचं मोजमाप बरोबर निघालं असतं. खोटं वाटेल, पण एवढंच कारण होतं.

संध्याकाळी दोघी घरी आल्या त्या रडून सुजलेल्या. तुझी आई म्हणाली, "अहो, चारचौघांत दम देऊन आलात? पोरीच्या नव्या घरी?" तेव्हा मला कळलं काय झालंय ते. त्या बाईंनी वर जाऊन सांगितलं होतं, तुमचे वडील जिन्यात येऊन दम देऊन गेले. अगं, दिला नाही, लागला. 'दम लागला', दोन शब्द होते. माझ्या जिभेवर होते. आणि मी विचार केला, चिडलेला बाप चारचौघांत शोभतो, धापा टाकणारा नाही. चिडलेल्या माणसाला कामावरून काढत नाहीत. मी म्हटलं, "दिला तर दिला."

माझा गुन्हा जिन्यातला नाही. या तीन शब्दांचा आहे. चार वर्षं मी ते तसेच राहू दिले आणि तू तिकडे दम दिलेल्या बापाची मुलगी म्हणून जगलीस.

धाकटीने मापं आणल्यावर मी मोजलं. ती पायरी छत्तिसावी होती. आपला छत्तीसचा आकडा नेमका तिथेच झाला. अक्षरं कोरणाऱ्याला हे आकडे डोळ्यांना दिसतात, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. आणि तुझं दार त्रेसष्टाव्या पायरीवर आहे. तेच दोन आकडे, पण समोरासमोर. हे मला कळलं तेव्हा मी घरात एकटाच हसलो आणि खोकून बेजार झालो, तरी हसणं थांबेना.

मला तिथवर यायचंय. तू दार उघडशील की नाही ते तू ठरव. पण जिना मी पूर्ण चढणार.

तुझा बाप


१२ मार्च, गुरुवार

ताई,

मध्ये पत्र नव्हतं कारण मी नव्हतो. म्हणजे होतो, हॉस्पिटलातच, पण वरच्या मजल्यावर, नाकाला नळी लावून. साधी सर्दी झाली होती. तुझ्या आईच्या नाकी नऊ आणले मी. सहा दिवस पडून होतो आणि एकतीसवर आलेला मी उठलो तेव्हा चारवर होतो. खाटेपासून खिडकीपर्यंत जायला चार पावलं लागतात.

व्यायामवाली वर येऊन बसली. मी म्हटलं, वहीतलं खोडा. ती म्हणाली, "शाईने लिहिलंय." आणि मला चंबू करायला लावला.

आज बावीस झाल्या. चारच्या बावीस, पाच दिवसांत. मलाच खरं वाटत नाही. काल कंडक्टर भेटायला आला होता. त्याला बोलताना दम लागतो आणि मलाही, मग आम्ही दोघं शेजारी बसून नुसते खिडकीबाहेर बघत होतो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पुढे सरका, पुढे जागा आहे." तीस वर्षांची सवय. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

हॉस्पिटलातून सुटल्यावर मी घरी जाण्याआधी रिक्षा कारखान्याकडे वळवायला सांगितली. आत गेलो नाही, फाटकातून पाहिलं. कापायच्या पात्यावर आता पाण्याची धार सोडली आहे. खाली पांढरा चिखल वाहतो आणि वर हवेत काही नाही. समोरची भिंत दिसत होती, ताई. एकतीस वर्षांत मला ती भिंत कधी धड दिसली नव्हती, तिचा रंग निळा आहे. मुकादमाला विचारलं, हे कधी झालं? तो म्हणाला, तुमच्या जावयाने सात नोटिसा धाडल्या, मालक शेवटी कंटाळला. नवी माणसं तोंडाला पट्टी लावून काम करत होती आणि कुणी कुणाला हसत नव्हतं.

त्याला सांग, त्याचं मोजमाप बरोबर होतं. मी तोंडाने सांगेनच, पण तोवर श्वास पुरला नाही तर हे असू दे. आणि पाटीवर त्याचं नाव बारीक कोरलंय ते आता मला दुरुस्त करता येणार नाही, तेवढं चालवून घ्या म्हणावं.

तुझा बाप


२५ मार्च, बुधवार

ताई,

त्रेसष्ट.

आधी आकडा लिहिला, आता बाकीचं लिहितो. काल शेवटचा वर्ग होता. मागच्या जिन्यावर झाडूवालीने तुझे सगळे मजले आखून ठेवले होते, दाराच्या जागी तिने खडूने खरंच एक दार काढलं होतं, कडी-कोयंड्यासकट. सगळा वर्ग खाली उभा. व्यायामवाली माझ्या मागे एक पायरी सोडून. अकराला वळण, कठडा धरून पाच श्वास. एकवीस, पाच श्वास. बत्तीस, सात. छत्तीसला माझे पाय जड झाले, ते छातीमुळे नव्हतं. पण गेलो. बेचाळीस, त्रेपन्न, आणि मग शेवटच्या दहा पायऱ्या मी कशा चढलो मला आठवत नाही. खडूच्या दारावर टकटक केली. खालून कंडक्टर ओरडला आणि त्यालाच उचलून खुर्चीत बसवायला लागलं.

तर मी शनिवारी येतोय. सकाळी दहाला, ऊन चढायच्या आत. काल खाटेवर पाठ टेकली तरी पाय आपले जिना चढत होते. दम निघत नाही म्हणतात तो हा.

काही अटी आहेत. खाली उतरून यायचं नाही. हात द्यायचा नाही, जावयानेही नाही. मी वळणावळणाला थांबणार आहे, वेळ लागेल, तर कुणी डोकावून "काय झालं" म्हणायचं नाही, कारण उत्तर द्यावं लागतं. पाटी धाकटी आणेल, मला ओझं मना आहे. पाटीवर तुमच्या दोघांच्या खाली एक बोटभर जागा रिकामी होती. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून तिथे तुझ्या कार्टीचं नाव कोरून घेतलं. पाण्याखाली कोरलं, मी फाटकाबाहेर उभा राहून हातवारे करत होतो. नाव बरोबर लिहिलंय ना, धाकटीने सांगितलं तसं घातलं. तीन वर्षांची झाली आणि आजोबाला तिच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ विचारून घ्यावा लागतो.

तू एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. धाकटीला विचारलं, ताई वाचते का? ती म्हणाली, "मला काय माहीत, बाबा," आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तू वाचत नसलीस तर मी शनिवारी बंद दारापुढे उभा राहीन. पाच श्वास घेईन, टकटक करीन, आणि पाटी ठेवून खाली येईन. ते परत फिरणं नव्हे, पोचून येणं आहे. व्यायामवालीला विचारून घेतलंय, ती म्हणाली ते चालतं.

तुझा बाप


२८ मार्च, शनिवार. तुझ्या जिन्यात.

ताई,

हे पेन्सिलीने, व्यायामाच्या तक्त्याच्या पाठीवर लिहितोय. धाकटी पाटी घेऊन खाली फाटकाशी थांबली आहे. मी पोचलो की वर ये म्हटलंय तिला. येताना रिक्षात तिचं माझ्याकडे बघून सारखं हसू चाललं होतं, आता कळलं का ते.

अकरा पायऱ्या चढून वळणावर आलो तर तिथे एक खुर्ची. कचेरीतली, चाकांची, भिंतीला टेकवून चाकाखाली विटेचे तुकडे लावलेले, हलू नये म्हणून. मला वाटलं कुणाचं सामान हलवणं चाललंय. बसलो, पाच श्वास घेतले, उठलो. पहिल्या मजल्यावर एक लाल खुर्ची, वीतभर उंचीची, लहान मुलाची. तीवर मी मावत नाही. तरी टेकलो. तोवरही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता, मी पायऱ्या मोजण्यात होतो.

आता बत्तीसवर आहे, दुसऱ्या वळणावर, आणि ज्यावर बसलोय तो जरा डुगडुगला म्हणून मी खाली हात घालून पाहिलं. एका पायाखाली गुळगुळीत, गार चकती आहे. मी घासलेला दगड माझ्या बोटांना कळतो. मोडला म्हणे, टाकून दिला म्हणे. त्या दिवशी सकाळीच तुझ्या आईने तो तुझ्याकडे वर नेला असणार, आणि चार वर्षं मला उलट्या बादलीवर बसवलं. तिला काही बोलायची माझी लायकी नाही.

म्हणजे तू वाचलीस. सगळी वाचलीस, आणि मी कुठे कुठे थांबतो तेसुद्धा. खाली येऊ नको म्हटलं तर आली नाहीस, हात देऊ नको म्हटलं तर दिला नाहीस.

मी रडतोय, पण श्वास चंबू करूनच सोडतोय, काळजी नको. सातऐवजी दहा झाले. अजून थोडे घेतो.

वर दार उघडलं आत्ता. बारीक आवाजात कुणीतरी विचारतंय, "आजोबा आले का?" आणि त्यावर तुझा आवाज, चार वर्षांनी, हळूच, मला ऐकू जाऊ नये असा.

"दम धर गं. येतायत."

कागद संपला. हा हातातच देईन. इथून चौथी पायरी छत्तिसावी आहे, तिथे मी थांबणार नाही.